आवाज न करणाऱ्या संगणकासाठी प्रोसेसर निवडताना: सात आठवड्यांची नोंदवही

कमी वीज खाणारा प्रोसेसर शोधायला बसलं की सगळ्यात आधी समोर येतो टीडीपीचा, म्हणजे जड कामात प्रोसेसर किती उष्णता सोडेल याचा, आकडा. ६ वॅट, ३५ वॅट, ६५ वॅट. लहान आकडा म्हणजे कमी उष्णता आणि कमी उष्णता म्हणजे संथ पंखा, असा सरळ हिशेब करून पुष्कळ जण तिथेच खरेदी उरकतात. २ नोव्हेंबरला मीही याच आकड्यापासून सुरुवात केली. २१ डिसेंबरला संगणक कायमचा टेबलाखाली गेला, तेव्हा आतल्या प्रोसेसरच्या खोक्यावर ६० वॅट छापलेलं होतं. तोच संगणक काम नसताना प्लगवर १० वॅटच्या आत राहतो, आणि रात्री खोली शांत असतानाही तो चालू आहे की बंद हे दिवा बघूनच कळतं. मधल्या सात आठवड्यांत काय मोजलं, कुठे खोळंबा झाला आणि कोणत्या गोष्टी आधी माहीत असत्या तर वेळ वाचला असता, ते क्रमाने लिहितो.

२ ते ९ नोव्हेंबर: आधी मोजणी

पहिला आठवडा काहीही विकत घेतलं नाही, अपवाद एका वॅटमीटरचा. भिंतीवरचा प्लग आणि संगणकाची वायर यांच्यामध्ये बसणारं हे छोटं यंत्र असल्याशिवाय या कामाला हात घालू नये. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा ‘पॅकेज पॉवर’चा आकडा फक्त प्रोसेसरच्या चिपचा असतो. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि एसएमपीएसमध्ये (भिंतीवरची वीज संगणकाला लागेल तशी करून देणाऱ्या डब्यात) वाया जाणारी वीज त्यात येत नाही. वॅटमीटर घेतल्यावर क्षणाक्षणाला हलणाऱ्या आकड्याकडे बघत बसू नका. १५ मिनिटांत एकूण किती वॅट-तास झाले ते वाचा आणि चारने गुणा. २० वॅटच्या खाली स्वस्त मीटर थोडं चुकतं, पण बदलाच्या आधी आणि नंतर तेच मीटर वापरलं तर फरक विश्वासाने कळतो.

जुना संगणक २०१५ च्या पिढीचा: कोअर आय५-६५००, चार कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), टीडीपी ६५ वॅट, सोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड. आयडल असताना, म्हणजे चालू आहे पण काम काही नाही अशा वेळी, प्लगवर ४६ वॅट. ग्राफिक्स कार्ड काढून स्क्रीनची वायर मदरबोर्डला जोडली आणि आकडा ३१ वर आला. नवा प्रोसेसर घ्यायच्या आधीच १५ वॅट आणि एक पंखा कमी झाला. म्हणून पहिली अट तिथेच ठरली: ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच हवं. इंटेलच्या ज्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं. ते थोडे स्वस्त दिसतात, पण त्यांच्यासाठी वेगळं कार्ड लागतं आणि शांततेचा सगळा बेत तिथेच फसतो.

त्याच आठवड्यात प्रोसेसर किती वेळ किती राबतो याचीही नोंद ठेवली. चालू असलेल्या वेळेच्या नव्वद टक्क्यांहून जास्त काळ त्याच्यावर दहा टक्केसुद्धा भार नव्हता. जड काम दिवसाला वीस-पंचवीस मिनिटांचं: फोटो एकगठ्ठा बाहेर काढणं आणि कोड कंपाइल करणं, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणं. ही नोंद हातात आली आणि प्रश्नच बदलला. टीडीपी सांगतो तो जड कामाच्या वेळचा आकडा. मला दिवसभर सोबत करणार होता तो आयडलचा आकडा, आणि तो खोक्यावर कुठेच छापलेला नसतो. हिशेबासाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: १ वॅट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात. आयडलला २० वॅट वाचले आणि संगणक चोवीस तास चालू असला, तर वर्षाला १७५ युनिट.

१० ते १८ नोव्हेंबर: कागदावरचे आकडे

हा आठवडा वाचनात गेला आणि सगळ्यात जास्त गोंधळही याच आठवड्यात झाला, कारण एकाच शब्दाखाली प्रत्येक कंपनी वेगळी गोष्ट सांगते.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासून दोन आकडे दिलेले असतात: ‘बेस पॉवर’ आणि ‘मॅक्सिमम टर्बो पॉवर’. मदरबोर्डच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगांमध्ये) हेच पीएल१ आणि पीएल२ या नावांनी दिसतात. काम सुरू झालं की प्रोसेसर आधी पीएल२ पर्यंत वीज घेतो, आणि ‘टाउ’ नावाची मुदत संपत आली की पीएल१ वर उतरतो. ही मुदत काही सेकंदांपासून मिनिटाभरापर्यंत असू शकते. कोअर आय३-१२१०० चे आकडे ६० आणि ८९ वॅट. त्याचाच कमी विजेचा भाऊ आय३-१२१००टी, त्याचे ३५ आणि ६९. आय९-१२९००टी सुद्धा ३५ वॅटचाच म्हणून विकला जातो, पण त्याचा टर्बोचा आकडा १०६ आहे. ३५ वॅट वाचून छोटा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) घेतलात तर एखादं जड पान उघडताक्षणी पंखा किंचाळतो, तो या दुसऱ्या आकड्यामुळे. शिवाय बऱ्याच मदरबोर्डवर या मर्यादा कारखान्यातूनच सैल सोडलेल्या असतात. पीएल१ च्या जागी ४०९५ किंवा ४०९६ वॅट लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ ‘मर्यादा नाही’ एवढाच.

एएमडीमध्ये टीडीपी वेगळा आणि प्रत्यक्षात सॉकेटमधून घ्यायची मुभा, म्हणजे पीपीटी, वेगळी. ६५ वॅटच्या प्रोसेसरला पीपीटी ८८ वॅट, १०५ वॅटच्याला १४२ वॅट. एएमडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आयडलसाठी फार महत्त्वाची आहे. रायझेन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरमध्ये कोअरची चिप वेगळी आणि रॅम आणि पीसीआय (कार्ड आणि इतर उपकरणं जोडायची वाट) सांभाळणारी चिप वेगळी असते. कोअर झोपले तरी ती दुसरी चिप आणि दोघांमधली जोडणी जागी राहते, म्हणून आयडलचा खर्च खाली जायला नाही म्हणतो. रायझेन ५ ५६००जी मात्र एकाच चिपवर सगळं मावलेला, मुळात लॅपटॉपसाठी घडवलेला आहे. शेवटच्या ‘जी’ अक्षराने आयडलमध्ये चांगला फरक पडतो. एएमडी घेणाऱ्याने हे अक्षर चुकवू नये.

१४ तारखेपर्यंत यादीत चार नावं उरली: इंटेल एन१००, आय३-१२१००टी, आय३-१२१०० आणि रायझेन ५ ५६००जी.

एन१०० वर माझा जीव जडला होता हे कबूल करतो. २०२३ च्या सुरुवातीला आलेला, चार छोटे कोअर, टीडीपी ६ वॅट, एव्ही१ या नव्या पद्धतीने दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याची सोय आतच. फाइल साठवण, वेब, व्हिडिओ एवढंच काम असेल तर यादी इथेच संपवा आणि मोठा, बिनपंख्याचा हीटसिंक बसवून आलेला बोर्ड घ्या. दुसरं काही शोधू नका. माझ्याकडे अडलं ते फोटोंवर. हे छोटे कोअर एकेकटे २०१५ च्या कोअरच्या जवळपास काम करतात, म्हणजे आय५-६५०० च्या जागी एन१०० आणला असता तर वीज वाचली असती, वेळ तेवढाच लागला असता. रॅमची वाट एकेरी, पीसीआयच्या लेन नऊच, आणि चिप बोर्डावर झाळलेली. उद्या अपुरी पडली तर अख्खा बोर्ड बदलायचा.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. एन१०० चे तळहाताएवढे डबे मिळतात ते मुळीच शांत असतील असं नाही. डब्यात जागा नसल्याने पंखा चिमुकला असतो, तो जोरात फिरवावा लागतो आणि त्याचा सूर बारीक, कानात घुसणारा असतो. त्यातच कित्येक डब्यांत वीजमर्यादा ६ च्या बरीच वर, १५ किंवा त्याहूनही पुढे ठेवलेली असते. मोठ्या हीटसिंकखालचे ३५ वॅट अशा डब्यातल्या १५ वॅटपेक्षा शांत राहतात.

५६००जी मध्ये सहा कोअर, जड कामाला चारांत सगळ्यात सरस. पण त्याच्या ग्राफिक्समध्ये एव्ही१ उलगडणारं सर्किट नाही. असा व्हिडिओ लागला की ते काम कोअरवर पडतं, वॅट वाढतात आणि नेमका चित्रपट बघताना पंखा उठतो. एव्ही१ वाढत चाललं आहे, म्हणून त्याला जड मनाने यादीतून काढलं. तुमच्या कामात व्हिडिओ नसेल तर हा फार चांगला पर्याय आहे; बायोसमध्ये त्याला ४५ वॅटवर बांधताही येतं.

राहिले १२१०० आणि १२१००टी. दोघांची चिप एकच. टी मध्ये मूळ वेग ३.३ वरून २.२ गिगाहर्ट्झ आणि टर्बो ४.३ वरून ४.१, शिवाय वीजमर्यादा कमी लिहिलेल्या. आयडलला दोघेही सारखेच झोपतात, तिथे टी चा काहीही फायदा नाही. आणि ज्या मर्यादा टी मध्ये कारखान्यात लिहिल्या जातात त्याच साध्या प्रोसेसरवर बायोसमध्ये स्वतः लिहिता येतात. त्यासाठी ‘के’ मालिकेचा प्रोसेसर लागत नाही. टी मालिका बऱ्याचदा तयार संगणक बनवणाऱ्यांकडे जाते, सुटी लवकर मिळत नाही. मला तीन आठवडे थांबा असं सांगितलं गेलं. १८ नोव्हेंबरला साधा १२१०० नक्की केला.

मर्यादा कमी केल्याने काम किती मंदावतं, ही भीती मलाही होती. पुढे जोडणी झाल्यावर तेच कंपाइल चार वेगवेगळ्या मर्यादांवर चालवून पाहिलं. मोकळा सोडला तेव्हा प्रोसेसर साधारण ५८ वॅट घेत होता आणि सहा मिनिटं लागली. ४५ वॅटवर साडेसहा, ३५ वर सात, २५ वर सव्वाआठ मिनिटं. ५८ चे ३५ केले तर वॅट चाळीस टक्के कमी आणि वेळ फक्त एक मिनिट जास्त. कारण चिपमधला खर्च वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शेवटच्या काही शे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज बरंच चढवावं लागतं, आणि सगळी उधळपट्टी त्या शेवटच्या टप्प्यात होते. तो टप्पा कापला की उरलेला प्रोसेसर अतिशय काटकसरी आहे.

१९ ते ३० नोव्हेंबर: बोर्ड, हीटसिंक, आणि थांबणं

प्रोसेसर चार दिवसांत आला. बोर्डासाठी अकरा दिवस थांबलो, आणि थांबलो ते जाणूनबुजून. आयडलचा आकडा प्रोसेसरइतकाच बोर्डावर अवलंबून असतो. जास्तीचे सॅटा कंट्रोलर (डिस्क जोडण्यासाठीच्या चिप), रंगीत दिवे, दोन-दोन नेटवर्क चिप, प्रोसेसरला वीज देणाऱ्या डझनभर फेज, हे सगळं काम नसतानाही थोडं थोडं खात राहतं. मला हवा होता साधा, छोटा बोर्ड: दोन रॅम स्लॉट, एक एम.२ स्लॉट, एकच नेटवर्क चिप. आणि मागवण्याआधी त्याचं माहितीपुस्तक उतरवून बायोसच्या पानांत ‘एएसपीएम’ (जोडलेल्या उपकरणांची पीसीआयची वाट झोपवणं), ‘पॅकेज सी-स्टेट लिमिट’ (अख्ख्या प्रोसेसरने किती गाढ झोपायचं) आणि पीएल१-पीएल२ या तिन्ही नोंदी आहेत का ते तपासलं. दोन बोर्ड या तपासणीतच बाद झाले. हे माहितीपुस्तक खरेदीआधी वाचायलाच हवं, बोर्ड हातात आल्यावर उपयोग नसतो.

हीटसिंकचा हिशेब कागदावर जमतो. त्याची क्षमता ‘प्रति वॅट किती अंश’ अशी मोजतात. समजा हीटसिंक, पेस्ट आणि प्रोसेसरचं झाकण मिळून वॅटमागे १ अंश चढवतात, खोली २८ अंशांवर आणि कॅबिनेटमधली हवा आणखी ५ अंश गरम; तर ३५ वॅटला ६८ अंश, ६० वॅटला ९३ अंश. या प्रोसेसरची कमाल १०० अंश आहे. म्हणजे तोच हीटसिंक ३५ वॅटला निवांत आणि ६० ला घायकुतीला. पंखा हळू फिरवला की वॅटमागचे अंश वाढतात, म्हणून धातू भरपूर हवा. चार उष्णतानलिकांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा उभा हीटसिंक घेतला. कॅबिनेटची रुंदी आधी मोजा. उभे हीटसिंक १५५-१६० मिलिमीटर उंच असतात आणि बारीक कॅबिनेटमध्ये बाजूचं झाकण लागत नाही.

पंख्याबद्दल दोन नियम फार उपयोगी पडले. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. आणि दोन सारखे पंखे एकत्र चालले तर आवाज एकापेक्षा फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एक पंखा मिनिटाला १००० फेऱ्यांवर चालवण्यापेक्षा दोन पंखे ५०० वर बरे. एक हीटसिंकवर, एक कॅबिनेटच्या मागे, दोन्ही १२० मिलिमीटरचे. चार पिनांचेच घ्या. तीन पिनांचा पंखा व्होल्टेज कमी करून मंदावतो आणि एका पातळीखाली सुरूच होत नाही.

१ डिसेंबर: जोडणी, आणि २१ वॅटचा धक्का

जोडणीला संध्याकाळ पुरली. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले, पंख्याचा बाण मागच्या दिशेला. जुनी ३.५ इंची डिस्क आणि ती ज्या सॅटा कार्डावर होती ते कार्ड, दोन्ही तशीच नव्या बोर्डावर आणली. चालू केलं, आयडलला सोडलं, वॅटमीटर बघितलं: २१ वॅट. जुन्या संगणकापेक्षा दहाच कमी. इतकं वाचून, मोजून, निवडून आणलेला प्रोसेसर आणि हा आकडा. त्या रात्री फार निराश झालो.

दुसऱ्या दिवशी लिनक्सवर पॉवरटॉप आणि टर्बोस्टॅट ही प्रोसेसरची वीज आणि झोप दाखवणारी साधनं उघडली तेव्हा उलगडा झाला. कोअर एकेकटे खोल झोपत होते, पण अख्खं पॅकेज सी२ च्या खाली उतरतच नव्हतं (सी पुढचा आकडा जितका मोठा, तितकी झोप गाढ). पॅकेज गाढ झोपण्यासाठी त्याला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाने आपली पीसीआयची वाट झोपवायला होकार द्यावा लागतो, आणि हा होकार म्हणजेच एएसपीएम. एकाने नकार दिला की सगळे जागे. शोधण्याची पद्धत कंटाळवाणी आहे पण एकच: एकेक उपकरण काढायचं, चालू करायचं, पाच मिनिटं थांबायचं, पॅकेज कुठपर्यंत उतरतं ते बघायचं. जुनं सॅटा कार्ड काढताच पॅकेज सी८ पर्यंत गेलं. डिस्क बोर्डाच्या स्वतःच्या सॅटा पिनांवर जोडली.

मग बायोस. पीसीआय एएसपीएम ‘ऑटो’ होतं ते ‘एल१’ केलं, ‘नेटिव्ह एएसपीएम’ चालू, पॅकेज सी-स्टेटची मर्यादा सी१०, सॅटाच्या वाटेची वीजबचत चालू, एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सोय) बंद ठेवून रॅम तिच्या ठरलेल्या ३२०० च्या वेगावर. पॉवरटॉपची ‘ऑटो-ट्यून’ आज्ञा संगणक सुरू होताना आपोआप चालेल अशी व्यवस्था केली. ती यूएसबी माउस झोपवते आणि पहिली हालचाल चुकते, म्हणून तेवढं एक उपकरण वगळावं लागतं. प्रत्येक बदलानंतर नोंद. २१ चे १३ झाले. विंडोज वापरत असाल तर पॅकेजच्या झोपेचे आकडे एचडब्ल्यूइन्फो दाखवतं, आणि एएसपीएमची नोंद पॉवर प्लॅनच्या प्रगत भागात ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ या नावाने असते.

३ ते १६ डिसेंबर: एसएमपीएसची शिट्टी

पंखे जवळजवळ गप्प झाल्यावर एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. पान वर सरकवलं की सूर बदलायचा. हा कॉइलचा आवाज: तांब्याची वेटोळी बदलत्या प्रवाहाबरोबर थरथरतात. शांत संगणक बनवताना हे नेहमी शेवटी कळतं, कारण तोवर पंख्यांनी ते झाकलेलं असतं. कुठली वेटोळी, बोर्डाची की एसएमपीएसची, हे ठरवायला कागदाची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरं एकेका भागाजवळ न्यायचं. आतल्या कशालाही हात लावायचा नाही. एसएमपीएसच निघालं. बायोसमध्ये सी-स्टेट बंद केले की शिट्टी थांबायची, पण आयडल लगेच वाढायचं. निदान करायला हा प्रयोग चांगला. उपाय म्हणून मात्र तो वापरू नये.

परत पाठवण्याची प्रक्रिया तेरा दिवसांची झाली. विक्रेत्याच्या अर्जात पावती, मालिका क्रमांकाचा फोटो, दोषाचं वर्णन आणि पुरावा मागितला होता. पहिला अर्ज दोन दिवसांनी ‘दोष आढळत नाही, अधिक माहिती द्या’ म्हणून परत आला. दुसऱ्यांदा ३० सेंटिमीटरवरून ध्वनिमुद्रण केलं, त्याच चित्रफितीत वॅटमीटरचा आकडा दिसेल असं धरलं, सी-स्टेट चालू आणि बंद असे दोन्ही भाग दाखवले. तो अर्ज दुसऱ्या दिवशी मंजूर झाला. बाकीचे दिवस वाहतूक आणि त्यांच्या तपासणीत गेले, आणि बदली वस्तूऐवजी पैसे परत मिळाले. मूळ खोकं, आतला फोम आणि पिशव्या महिनाभर तरी फेकू नका. माझा अर्ज खोक्याशिवाय पुढे सरकलाच नसता.

या सक्तीच्या विश्रांतीत एसएमपीएसचाच मुळातून विचार झाला. ८० प्लस या एसएमपीएसच्या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राची मोजणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते; टायटॅनियम दर्जात १० टक्क्यांवरही. ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १३ वॅट म्हणजे अडीच टक्केसुद्धा नाहीत. तिथे तो किती वाया घालवतो हे गोल्डचं लेबल सांगतच नाही. म्हणून १२ व्होल्टचं, १२० वॅटचं अॅडॉप्टर आणि मदरबोर्डच्या २४ पिनांवर बसणारी छोटी डीसी पट्टी घेतली. यात पंखाच नाही. पण इथे बेरीज करूनच पाऊल टाका: प्रोसेसरचा पीएल२ ८९ वॅट, ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते म्हणजे २४ वॅट, वर बोर्ड, रॅम आणि पंखे. १२० ची मर्यादा तिथेच गाठली जाते आणि जड कामात संगणक अचानक बंद पडतो. म्हणून पट्टी बसवायच्या आधीच, जुन्या एसएमपीएसवर असताना, पीएल१ ३५ आणि पीएल२ ५० लिहून ठेवला. अशा पट्ट्यांना प्रोसेसरसाठी बऱ्याचदा चारच पिनांची वायर असते. ५० वॅटला ती पुरते.

१६ तारखेला पट्टी बसली. आयडल ९.५ वॅट. शिट्टी नाही.

१७ ते २१ डिसेंबर: पंख्याची रेषा

प्रोसेसरची चिप नखाएवढी असल्याने एखादा प्रोग्रॅम उघडला तरी तिचं तापमान सेकंदात पंधरा-वीस अंश उसळतं आणि तसंच खाली येतं. हीटसिंक त्या वेळी थंडच असतो. कारखान्याची पंख्याची रेषा त्या प्रत्येक उसळीमागे धावते, आणि असा चढता-उतरता आवाज एकसुरी आवाजापेक्षा कितीतरी जास्त खुपतो. मी ६५ अंशांपर्यंत रेषा सपाट ठेवली, ५०० फेऱ्या. ६५ ते ८० मध्ये ५०० वरून ८००. त्यापुढे सरळ वर, कारण तिथे सुरक्षितता महत्त्वाची. ‘स्टेप अप’चा, म्हणजे वेग वाढवण्याआधी थांबण्याचा, विलंब बायोसमध्ये होता तेवढा जास्तीत जास्त केला. मग अर्धा तास पूर्ण भार: ३५ वॅटला तापमान ६३ वर स्थिरावलं, पंखा ५०० वरच राहिला, प्लगवर ४९ वॅट.

आवाज मोजायला फोनवरचं अॅप वापरलं नाही. ३० डेसिबलच्या खाली बहुतेक फोनच्या माइकची स्वतःची खरखरच मोजली जाते. त्याऐवजी रात्री सगळं बंद करून, डोळे मिटून, कुठल्या अंतरापासून ऐकू येतं ते टेपने मोजलं. पंखे ३५ सेंटिमीटरपासून, ३.५ इंची डिस्क दोन मीटरपासून. डिस्क रबराच्या आधारावर ठेवली तर गुणगुण कमी झाली, आतलं वाचणारं डोकं सरकल्याचा टकटकाट राहिला. शेवटी एसएसडी आणली आणि डिस्क फक्त बॅकअपच्या वेळी बाहेरून जोडायला ठेवली. आयडल आणखी ४ वॅटने उतरून साडेपाचवर आलं.

यानंतर तीन आठवड्यांनी बायोसचं नवं संस्करण भरलं. संध्याकाळी फोटो बाहेर काढताना पंख्याचा आवाज ऐकू आला, जो तोवर कधीच आला नव्हता. उघडून बघितलं तर पीएल१ आणि पीएल२ पुन्हा कारखान्याच्या आकड्यांवर गेलेले, एएसपीएम ‘ऑटो’वर, पंख्याची रेषा पुसलेली. अॅडॉप्टर १२० वॅटचंच असल्याने हे धोक्याचंही होतं. बायोसच्या प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवले होते, म्हणून दहा मिनिटांत सगळं जागेवर आलं. शिवाय आता पीएल१ आणि पीएल२ लिनक्सच्या पॉवरकॅप या वीजमर्यादा ठरवणाऱ्या सोयीतूनही संगणक सुरू होताना लिहिले जातात, म्हणजे बायोस विसरला तरी ३५ आणि ५० कायम राहतात.